वाघाचे दर्शन आणि कॅमेऱ्याची शिकार

३१ डिसेंबर २०२४. सरत्या वर्षाचा निरोप जंगलात घ्यावा, अशी हौस अलीकडे शहरी मध्यमवर्गात रुजली आहे. त्या दिवशी नागपूरपासून जवळच असलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातही पर्यटकांची अशीच गर्दी होती. गोठणगाव भागात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि काही क्षणांतच पुढून व मागून आलेल्या वाहनांनी तिची वाट अडविली. एरवी वाघाच्या चाहुलीने अवघे रान स्तब्ध होते. येथे खुद्द वाघीणच स्तब्ध झाली होती. वाहनांतील माणसे उभी राहून छायाचित्रे आणि चित्रफिती घेण्यात मग्न होती. त्याच चित्रफिती पुढे घरोघरी पोहोचल्या आणि त्यांनीच या प्रकाराला वाचा फोडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वन विभागाची झाडाझडती झाली, वाहनचालक व मार्गदर्शक निलंबित झाले.

येथवरची हकिकत बहुतेकांनी वृत्तपत्रांत वाचली असेल. तिच्यातील एका तपशिलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. निलंबित झालेला मार्गदर्शक हा जंगलाच्या कडेच्या गावातला तरुण असतो. वाहनचालकही बहुधा तिथलाच. त्या दोघांच्या चुली काही काळ थंडावल्या. ज्यांच्यासाठी, ज्यांच्या आग्रहाखातर वाहन पुढे दामटले गेले, ते मात्र स्मृतिपत्रिकेत वाघीण आणि पाच बछडे घेऊन आपापल्या गावी सुखरूप परतले.

जंगलात नेमके काय घडते, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. पहाटे उघड्या जिप्सीतून सहा पर्यटक, एक मार्गदर्शक आणि एक चालक प्रवेशद्वारातून आत शिरतात. आरक्षण कित्येक आठवडे आधी झालेले असते. निवास, वाहन, प्रवेशशुल्क असा खर्च कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्याहून अधिक झालेला असतो. त्यामुळे गाडीत बसतानाच पहिला प्रश्न येतो तो, ‘आज वाघ दिसेल ना?’ हा. मार्गदर्शकाला हा प्रश्न दिवसातून दोनदा, वर्षाचे नऊ महिने ऐकावा लागतो. तो वानराचा खर्जातला ‘खॅक् खॅक्’, चितळाची तीक्ष्ण शीळ, सांबराची भोंग्यासारखी हाक या सर्वांवर कान ठेवून असतो. सांबर उगाच ओरडत नाही, हे त्याला आजोबांनी शिकविलेले असते. इशारा मिळाला की चालक गाडी वळवितो. समोरून येणाऱ्या गाडीशी खुणेने बोलणे होते आणि पाहता पाहता एका वळणावर दहा-पंधरा गाड्या जमा होतात. प्रत्येकाला सर्वांत पुढे जावयाचे असते, कारण मागच्या गाडीतून छायाचित्रात वाघाऐवजी पुढच्या गाडीचे चाक येते. चालकाच्या खांद्यावर मागून थाप पडते, ‘भाऊ, जरा अजून पुढे घ्या’. परतल्यावर बक्षिसी मिळेल की कुरकुर, हे त्या ‘जरा पुढे’वर अवलंबून असते.

या धावपळीत मोर पिसारा फुलवून उभा असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. रानकुत्र्यांची टोळी दुर्मीळ असूनही ‘कुत्रे’ म्हणून निकालात निघते. अर्जुनवृक्षाचा पांढुरका बुंधा, त्यावर अस्वलाने मधाच्या शोधात वर चढताना उमटविलेली नखे, मोहाच्या फुलांचा ओला सडा, तेलिया तलावाचे पाणी हे सारे केवळ ‘वाघ न दिसलेला भाग’ ठरते.

नियम नाहीत असे नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने जुलै महिन्यात व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनाला तात्पुरती स्थगिती दिली होती. त्यानंतर ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यांच्या अधीन राहून पर्यटन पुन्हा सुरू झाले. गाभा क्षेत्राच्या वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी नसावा, प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावे, प्राणी पाहताना दोन वाहनांत ५० मीटर अंतर असावे, एका वाहनाने पंधरा मिनिटांहून अधिक काळ वाघ अडवून बसू नये, प्राण्याला घेरू नये, हे सारे त्यांत लिहिलेले आहे. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॉर्बेट प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापरण्यास बंदी घातली आणि रात्रीचे पर्यटन बंद करण्यास सांगितले. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. तरीही एक शंका उरते. भ्रमणध्वनी प्रवेशद्वारावर काढून घेता येतो. वाघ म्हणजे आपल्या खर्चाचा मोबदला, ही मनातली समजूत कोणत्या पेटीत जमा करून घ्यायची?

या समजुतीचे मूळ शोधावयाचे तर थोडे मागे जावे लागते. ‘सफारी’ हा शब्द अरबी ‘सफर’वरून पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत गेला आणि तेथून युरोपीय शिकाऱ्यांनी उचलला. त्यांच्या मुखी त्याचा अर्थ होता शिकारीची मोहीम. आफ्रिकेतील ‘बिग फाइव्ह’ म्हणून पर्यटकांना जी पाच जनावरे दाखविली जातात, ती यादीही मुळात शिकाऱ्यांचीच. पायी चालून मारण्यास सर्वांत अवघड म्हणून त्या पाचांना तो मान मिळाला. बंदुकीने घेतला जातो तो ‘शॉट’ आणि कॅमेऱ्याने घेतला जातो तोही ‘शॉट’. बंदूक गेली, कॅमेरा आला. नेम धरणे, टिपणे, मिळविणे, मिरविणे ही क्रियापदे जागच्या जागी राहिली.

आपल्या देशात ही वृत्ती ब्रिटिश अमदानीत कशी फोफावली, याला इतिहास साक्षी आहे. १९११ सालच्या दिल्ली दरबारानंतर पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीस गेले. दहा दिवसांत ३९ वाघ मारले गेले. परंतु सारा दोष परकीयांवर ढकलून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. सरगुज्याच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघांची शिकार सांगितली जाते. सध्याच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानचे महाराज रामानुजप्रताप सिंह देव यांनी १९४७ साली तीन चित्ते मारले. त्या मृत चित्त्यांसमवेत बंदूक घेऊन उभ्या असलेल्या महाराजांचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते. या भूमीवरील चित्त्याच्या अखेरच्या नोंदींपैकी ती एक. १९५२मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आणून कुनोच्या जंगलात सोडावे लागले. एका छायाचित्राच्या चौकटीत मावलेली हौस निस्तरण्यासाठी राष्ट्राला पाऊणशे वर्षे लागली. अन्य देशांच्या दारी जावे लागले, ते वेगळेच. सत्तेसोबत साहेबाची हौसही आपल्या संस्थानिकांच्या अंगी मुरली होती, आणि आज तीच हौस हप्त्यांवर घेतलेल्या लांब भिंगाच्या रूपाने मध्यमवर्गात उतरली आहे.

येथे कोणी म्हणेल की, कॅमेरा निदान जीव तरी घेत नाही. हे खरे आहे आणि याहूनही अधिक खरे आहे. कॅमेऱ्याने वाघ वाचविला आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा एक इंग्रज वनाधिकारी संयुक्त प्रांताच्या जंगलांत नोकरीस होता. साहेबी थाटातील शिकारीचा त्याला तिटकारा होता. वाघाच्या वाटेवर तार ताणून, वाघाच्याच पायाने कळ दाबली जाईल अशी योजना करून त्याने रात्रीच्या अंधारात छायाचित्रे घेतली. १९२७ साली त्याचे पुस्तक निघाले. जिम कॉर्बेट यांनी बंदूक बाजूस ठेवून कॅमेरा हाती घेतला, त्यामागे या चॅम्पियनची प्रेरणा होती. पुढे १९९०च्या दशकात के. उल्हास कारंत यांनी नागरहोळेत स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वाघ मोजण्याची पद्धत रूढ केली. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात, हा तिचा पाया. २०१८च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली आणि त्यांत वाघाची होती अवघी ७६,६५१. म्हणजे साडेचारशे छायाचित्रांमागे एक. माणूस समोर नसताना, झाडाला बांधलेल्या डोळ्यालाही वाघ इतका दुर्मीळ भेटतो. आणि आपण तीन तासांच्या फेरीत तो भेटलाच पाहिजे म्हणतो!

तेव्हा तक्रार यंत्राविषयी नाही. चॅम्पियन वाघाच्या वाटेवर कॅमेरा ठेवून स्वतः दूर होत असे. कऱ्हांडल्याच्या पर्यटकांनी वाटच व्यापली.

आपल्या परंपरेत वाघाला पाहण्याचा एक वेगळा रिवाज आहे. सह्याद्रीच्या कुशीत, कोकणात, डांग-जव्हारच्या डोंगराळ पट्ट्यात गावाच्या वेशीवर वाघदेव बसलेला असतो. लाकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, शेजारी सूर्य आणि चंद्र, अंगाला शेंदूर. वारली वनवासी बांधव त्याला वाघ्या म्हणून पुजतात. आश्विन वद्य द्वादशीला आपल्या घरी वसुबारस असते, त्याच सुमारास तेथे वाघबारस साजरी होते. गाय आणि तिला खाणारा वाघ, दोघांनाही एकाच तिथीच्या आसपास हात जोडणारा समाज भाबडा होता असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या समाजाच्या रानात वाघ कसा टिकला याचा विचार करावा. महाभारताच्या उद्योगपर्वात पांडव आणि कौरव यांच्या परस्परावलंबनाला उपमा दिली आहे ती वन आणि वाघ यांची. व्याघ्रप्रकल्पाचा सारा सिद्धान्त त्या उपमेत सामावलेला आहे. १९७३ साली तो राज्यकारभाराच्या भाषेत आला, इतकेच.

आणि आपण ज्या ताडोबात लांब भिंगे घेऊन जातो, ते ताडोबा हे नावच मुळी एका देवाचे आहे. तारू नावाचा गोंड प्रमुख वाघाशी झुंजताना धारातीर्थी पडला आणि लोकांनी त्याला देवत्व दिले, अशी त्या भागातील परंपरागत कथा आहे. तलावाच्या काठी, मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तेथे वनवासींची जत्रा भरत असे. वाघाने मारलेला माणूस देव झाला आणि वाघही देवच राहिला. सूड हा शब्द त्या कथेत नाही. १९५५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६मध्ये अंधारी अभयारण्य आणि १९९५मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. जंगलाच्या फाटकावर जो जिप्सीत बसतो, त्याला हे नाव कोणाचे आहे ते सांगण्याची पद्धत पडली तर बरे होईल.

दर्शन या शब्दात आपल्याकडे एक सूक्ष्म भाव दडलेला आहे. पंढरीच्या रांगेत उभा असलेला वारकरी विठ्ठलाकडे पाहावयास जातो, पण म्हणतो ‘देवाने दर्शन दिले’. देणारा तो, घेणारा आपण. न दिले तर कळसाला हात जोडून परत फिरायचे. फेरी वाया गेली असे कोणी म्हणत नाही. गंमत अशी की, जंगलाच्या कडेचा मार्गदर्शक आजही नकळत हीच भाषा बोलतो. ‘काल मोहर्लीकडे वाघिणीने दर्शन दिले’ असे तो म्हणतो. गाडीत बसलेला सुशिक्षित मात्र विचारतो, ‘साइटिंग कितपत आहे?’

महाराष्ट्राला जंगल पाहण्याची शिकवण नव्हती असेही नाही. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले, पायी हिंडले, जे दिसले ते लिहिले आणि रेखाटले. ‘नागझिरा’ हे त्यांचे पुस्तक त्यातूनच आले. २००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. पण पारधी, गोंड यांच्यासमोर ते विद्यार्थी होऊन बसले, त्यांच्याकडून पाखरांची आणि झाडांची नावे गोळा करीत राहिले. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. या दोघांपाशी कित्येक मीटर लांबून डोळ्यांच्या पापण्या मोजणारे भिंग नव्हते. त्यांच्या लेखणीतून मराठी माणसाला जे रान भेटले, तेवढे आजच्या हजारो सुस्पष्ट छायाचित्रांतून भेटते काय, हा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या घरातील मुलाला विचारावा. वाघाचे छायाचित्र दाखविणाऱ्या मुलाला तो वाघ कोणत्या झाडाखाली बसला होता, हे सांगता येते का, ते पाहावे.

छायाचित्रांची संख्या आणि वाघाची सुरक्षितता यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, याचा धडा खुद्द कऱ्हांडल्यानेच दिला आहे. नागझिऱ्यातून निघालेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ साली तेथे आला. धिप्पाड, देखणा आणि माणसाला न बुजणारा. पर्यटक लोटले, हे लहानसे अभयारण्य त्याच्या नावाने देशभर गाजले. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. एप्रिल २०१६पासून तो दिसेनासा झाला. शोधमोहिमा झाल्या, पण तो गेला कोठे याचा उलगडा झाला नाही. कदाचित देशातील सर्वाधिक छायाचित्रे घेतल्या गेलेल्या वाघांपैकी तो एक असेल. त्यांतील एकही छायाचित्र तेव्हा उपयोगी पडले नाही. कॅमेरे होते ते रस्त्यावर आणि वाघ राहतो तो रस्त्यापासून दूर, शेतांच्या कडेला, विजेच्या तारांच्या, फासांच्या आणि विहिरींच्या जगात.

त्या जगात माणसेही राहतात, आणि या विषयातील खरी वेदना तेथे आहे. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ आढळले. २०१४ साली ते १९० होते. या यशाचा अभिमान पुण्या-मुंबईत मिरविला जातो, त्याची किंमत चंद्रपूर-गडचिरोलीत मोजली जाते. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. पहाटे टोपली घेऊन त्या ज्या जंगलात शिरल्या, तसल्याच जंगलात, त्याच पहाटे, दुसऱ्या फाटकातून जिप्सी शिरतात. एकीला वाघ दिसू नये म्हणून देवाची करुणा भाकायची आणि दुसऱ्याने तो दिसावा म्हणून पैसे मोजायचे! या दोन प्रार्थनांमधले अंतर ज्या समाजाला जाणवत नाही, त्याने एकात्मतेच्या गोष्टी जपून कराव्यात.

पुनर्वसनाचीही कथा अशीच. ताडोबाच्या पोटातील रामदेगी-नवेगाव, बोटेझरी, जामणी अशी गावे वाघाला निवांतपणा लाभावा म्हणून बाहेर आली. पिढ्यान् पिढ्या कसलेली शेते, गावदेव, पूर्वजांच्या समाध्या मागे टाकून लोकांनी घरे हलविली. त्या शेतांवर आता गवत उगवले आहे, हरणे चरतात आणि हरणांमागे वाघ येतो. जामणीचे कुरण हे आज छायाचित्रकारांचे आवडते ठिकाण आहे. सोनेरी गवतात बसलेला वाघ तेथे फार सुरेख दिसतो म्हणतात. ज्या निवांतपणासाठी एका गावाने आपला उंबरा सोडला, तो निवांतपणा मोडण्याचा अधिकार शुल्काच्या पावतीने कोणाला मिळतो काय? भिंतीवर ते छायाचित्र लावणाऱ्याने खाली वाघाचे टोपणनाव लिहिण्याऐवजी एकदा त्या गावाचे नाव लिहून पाहावे.

पर्यटन बंद करा, असे यातून कोणी समजू नये. जंगलाच्या कडेच्या तरुणांना त्याने रोजगार दिला आहे, आणि वाघ जिवंत राहण्यात ज्याचा घास गुंतला आहे तो शिकाऱ्याच्या टोळीला वाट दाखवीत नाही, हा अनुभव आहे. मध्य प्रदेशातील पेंचची ‘कॉलरवाली’ ही वाघीण १५ जानेवारी २०२२ रोजी वार्धक्याने गेली. तिने आपल्या आयुष्यात २९ बछड्यांना जन्म दिला होता. तिच्या चितेवर फुले वाहण्यासाठी गावकरी जमले आणि परिसरातील एका वनवासी स्त्रीच्या हस्ते तिला अग्नी देण्यात आला. त्या प्रसंगाचेही छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात वाघीण जवळजवळ दिसतच नाही, फुलेच दिसतात. वन्यजीव छायाचित्रणाच्या स्पर्धांत ते कधी बक्षिसास पात्र ठरणार नाही, परंतु भारतात वाघ का टिकला हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने ते अवश्य पाहावे.

करता येण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. मार्गदर्शकाची बक्षिसी वाघावर न ठेवता त्याने ओळखून दाखविलेल्या झाडांवर आणि पाखरांवर ठेवावी. हे प्रत्येक कुटुंबाला उद्यापासून जमण्यासारखे आहे. उन्हाळी सुटीत मुलांना एकदा तरी वाघ नसलेल्या रानात, पायी न्यावे. नियम मोडून घेतलेले छायाचित्र कितीही अप्रतिम असले तरी नियतकालिकांनी ते छापू नये, स्पर्धांनी स्वीकारू नये आणि परिचितांनी त्याची वाहवा करू नये. वाहवा थांबली की निम्मी धावाधाव आपोआप थांबेल. राहता राहिला दंडाचा प्रश्न. प्रवेशपत्रावर गाडीत बसलेल्या प्रत्येक पर्यटकाचे नाव लिहिलेले असते, त्यासोबत त्याच्या ओळखपत्राचा क्रमांकही असतो. पुढच्या खेपेस कोणा वाघिणीची वाट अडविली गेली, तर निलंबनाच्या आदेशात चालक आणि मार्गदर्शक यांच्या खाली ती सहा नावेही यावीत, आणि राज्यातील एकाही व्याघ्रप्रकल्पाचे फाटक त्यांच्यासाठी काही वर्षे उघडू नये. यादी वन विभागाच्या हाती आहेच.